बगळ्याची समुद्राकडची बाजू

भातं कापून झाली की आमच्याकडचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, रंग बदलायला लागतो. आधी हिरव्यात कुठेतरी पिवळ्याची एखादी रेघ दिसते, मग बघता बघता सगळं गवत सोनेरी होऊन आडवं पडतं आणि त्याखालचा जांभा पुन्हा वर येतो. पावसाळाभर शेवाळाने काळाशार झालेला दगड उन्हात कोरडा पडतो तेव्हा त्याला एक वास येतो. थोडा गंजलेल्या लोखंडाचा, थोडा भाजलेल्या मातीचा. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला तो ओळखायला शिकावं लागत नाही. कालपासून तो माझ्या खिडकीतून आत येतोय आणि माझ्या हातातलं पेन सारखं थांबतंय.

हे पेन लिहायचं नाही. मी कॉम्प्युटरवर शिल्पं घडवते. टेबलावर काळी पाटी असते, तिच्यावर हे पेन फिरवलं की समोरच्या स्क्रीनवर मातीचा गोळा दबतो, उचलला जातो, कापला जातो. माती खरी नाही, पण हाताला थोड्या दिवसांत खरी वाटू लागते. खेळांमध्ये आणि सिनेमांमध्ये जे राक्षस, चिलखतं, पडके किल्ले दिसतात, ते कोणीतरी असं बसून घडवलेले असतात. त्यातले काही माझे आहेत. आणि दगड तर पुष्कळ. आज आमच्या स्टुडिओत कुठल्याही कामात दगड, कडा, खडक असं काही आलं की ते माझ्याकडे येतं, आणि मीही ते हक्काने मागून घेते.

पण हा वास आला की मला एकच ऑक्टोबर आठवतो. त्या वर्षी मला दगड येत नव्हता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी पुण्याहून घरी आले होते. स्टुडिओने मला घरून काम करायची परवानगी दिली होती, पण ती तात्पुरती. आमचा लीड परेश, म्हणजे आमच्या गटाचं काम बघणारा, भला माणूस. त्याने स्पष्ट सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत बघू, जमलं तर राहा, नाही जमलं तर पुण्यात येऊन सगळ्यांबरोबर बसावं लागेल. मला पुणं नको होतं. पुण्याने माझं काही वाईट केलं नव्हतं. मला फक्त समुद्राच्या आवाजात काम करायचं होतं. खिडकीतून तो दिसला नाही तरी चालणार होतं. आमच्या घरातून तो तसाही कोणी बघत नसे.

हे सांगायला हवं. आरे-वाऱ्याच्या रस्त्याला लागून, समुद्राकडच्या उतारावर आमची वाडी आहे. सगळी मासेमारी करणारी घरं. माझे बाबा तांडेल होते, होडीचं सुकाणू त्यांच्या हाती असायचं, आणि त्यांचा धाकटा भाऊ विलासकाका त्यांच्याबरोबर जाळ्यावर. मी बारावीत असताना, नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर, समुद्र अजून पुरता निवळला नव्हता तेव्हा, परतीच्या वाटेवर होडीचं इंजिन बंद पडलं. किनाऱ्यापासून थोडं आत एक मोठा खडक आहे. ओहोटीला त्याच्यावर बगळे येऊन बसतात म्हणून त्याला बगळाच म्हणतात. पाण्याच्या ओढीने होडी त्याच्यावर नेऊन आपटली. बाबा पोहत आले. विलासकाका दुसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर बाबांनी होडीचं जे उरलं होतं ते विकून टाकलं आणि वरच्या रस्त्यावर पत्रे, खिळे, सिमेंटचं दुकान घातलं. दुकानात ते वरच्या वाटेने जात आणि वरच्याच वाटेने परत येत. वाळूत त्यांनी पाय ठेवला नाही. त्याबद्दल ते बोललेही नाहीत. एकदाच, माझ्या आईला सांगताना मी ऐकलं होतं, की नांगर टाकला असता तर होडी थांबली असती. आईने त्यांना पुढे काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तर त्या पावसाळ्यात मला मिळालेलं काम होतं एका खेळातला समुद्रकिनारा. एक अख्खा खडकाळ किनारा, ज्याच्यावरून खेळणारा पळणार, लपणार, उड्या मारणार. आमच्या धंद्यात चेहरे घडवणाऱ्याला मान, जनावरं घडवणाऱ्याला त्याहून जास्त. दगड नवीन मुलांकडे देतात. मी चेहरे चांगले करायचे. त्यामुळे दगड माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, हे तर हातचा मळ.

मी नेहमीच्या रीतीने सुरुवात केली. गोळा घ्यायचा, चारही बाजूंनी सपाट तासायचा, कडा मोडायच्या, भेगांचा ब्रश ओढायचा, मग तयार मिळणारे ठसे मारायचे. ठसा म्हणजे खडबडीत पृष्ठभागाचं एक करडं चित्र. ते मातीवर दाबलं की तिथे तसे खड्डे उठतात. दोन दिवसांत डझनभर दगड तयार झाले. मी ते पाठवले आणि खुशीत सुरमईचं कालवण जेवले.

परेशने दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "मेघा, काम स्वच्छ आहे. पण हे दगड काल तयार झाल्यासारखे दिसतात."

मला राग आला, कारण तो बरोबर होता. मी स्क्रीनवरचा दगड फिरवून फिरवून पाहिला. सगळीकडून सारखाच खडबडीत. जणू कोणी एकाच दिवशी, एकाच हाताने, वरपासून खालपर्यंत खरवडून काढला असावा. त्याच्या अंगावर कुठलीही गोष्ट आधी किंवा नंतर झालेली नव्हती.

मग माझे प्रयोग सुरू झाले. आधी मी आमच्या कुंपणाच्या गडग्यातल्या एका चिऱ्याचे मोबाइलने शेकडो फोटो काढले. अशा फोटोंवरून कॉम्प्युटर त्या वस्तूची हुबेहूब प्रत बांधून देतो. चिरा आला, अगदी तोच, त्याच्या कोपऱ्यातल्या कोळिष्टकासकट. पण त्याला मी खेळातल्या किनाऱ्यावर ठेवला तेव्हा तो मेलेला दिसला. आमच्या अंगणातली दुपारची सावली त्याच्या खड्ड्यांत अडकून राहिली होती. तिकडे सूर्य डावीकडून आणि याच्या अंगावर सावली उजवीकडची. ती सावली पुसता येते, मी पुसलीही. तरी तो गडग्यातला चिराच राहिला. त्याने समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

मग मी भेगा हाताने काढल्या. मग ठसे सोडून दिले. मग पुन्हा घेतले. एकेका दगडाच्या दहा-दहा आवृत्त्या झाल्या, आणि प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा जास्त मेहनतीची आणि जास्त खोटी दिसे. डोळे चुरचुरायला लागले की मी मागीलदारी जाऊन उभी राहायचे. तिथूनच समोर सुनंदाकाकीचं घर.

सुनंदाकाकी म्हणजे विलासकाकाची बायको. मुलगी लग्न होऊन लांज्याला गेल्यापासून एकटीच राहायची. उंच, सडपातळ, आवाज मोठा, चालणं त्याहून मोठं. माझ्या आईबरोबर तिचं गूळपीठ होतं. बाबांशी ती बोलायची, पण कामापुरतं, आणि बाबा तिच्यासमोर आले की नजर खाली घालून उभे राहायचे. एका सकाळी ती डोक्यावर पाटी घेऊन निघाली होती. मी विचारलं कुठे, तर म्हणाली खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, दगडाला धरलेली शिंपल्यांतली कालवं काढायला. पुनवेची सुकती आहे, पाणी लांब जाणार. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझे डोळे बघ कसे झालेत. चल गो बाय, जरा वारा खा."

मी तिच्या मागे निघाले. सकाळची उन्हं अजून तिरपी होती. खाली उतरताना एका वळणावर सगळा किनारा समोर उघडा झाला आणि मी थांबलेच. लहानपणी याच खडपात मी खेकड्यांमागे पळाले होते, पण त्यानंतर इतकी वर्षं इकडे आलेच नव्हते. आता मी तो धंद्याच्या नजरेने पाहत होते.

तिरप्या उन्हात प्रत्येक खडक वेगळा बोलत होता. वरच्या कड्यावरून जे धोंडे नुकतेच सुटून पडले होते, त्यांच्या कडा धारदार आणि आतला रंग तांबडालाल. जे जुने होते, त्यांच्या समुद्राकडच्या बाजू गोल, गुळगुळीत, आणि जमिनीकडच्या बाजू अजून तशाच आडव्यातिडव्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं सगळीकडे नव्हती. जिथे लाटेचा नुसता शिंतोडा येतो आणि उन्हात वाळून मीठ राहतं, तेवढ्याच पट्ट्यात होती. त्याच्या खाली ओलीची काळी रेघ. रेघेच्या खाली कालवांचे पांढरे थर. आणि काही जागा अगदी शांत, ज्यांना कशानेच हात लावला नव्हता. मी किती वेळ तिथे एका धोंड्याभोवती फिरत होते कोण जाणे. मला माझी चूक दिसत होती आणि तिच्यावरचा उपायही दिसत होता, आणि त्या आनंदात मी काकी कुठे गेली ते पाहिलंच नाही.

पाहिलं तेव्हा ती बगळ्यापाशी होती.

पाणी गुडघ्याएवढं होतं. साडीचा काष्टा मारून ती त्या खडकाला टेकून उभी होती आणि लहान कोयतीने त्याच्या अंगावरची कालवं फोडत होती. मी जवळ गेले, पण शेवटची दहा पावलं माझ्याच्याने टाकवेनात. तिने वळून पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला कळलं असावं. तिने एक कालव फोडलं, शिंपल्यासकट माझ्यापुढे धरलं आणि सांगितलं की या खडकाची कालवं सगळ्यांत मोठी असतात, कारण इथे पाणी सारखं हलतं राहतं. मी ते खाल्लं. खारट, थंड, किंचित गोड. मग मी पुढे जाऊन खडकावर हात ठेवला.

त्या दिवशी मी ठरवलं की मला हाच घडवायचा आहे.

वाडीतल्या गणपतीच्या कारखान्यात शाडूची माती उरली होती. मी ती आणली, मळली, आणि पुढच्या ओहोट्यांना काकीबरोबर जाऊन बगळ्याच्या अंगावर तिचे गोळे दाबू लागले. पोळ्याच्या भोकांवर एक, ओलीच्या रेघेवर एक, लाटेने घासलेल्या गालावर एक. माती सोलून काढली की तिच्यावर खडकाची उलटी खूण उमटलेली असायची. काकीला याचं मोठं हसू आलं. ती म्हणाली की खडकाला फेशियल करणारी पोरगी तिने पहिल्यांदाच बघितली. घरी आणून मी ते गोळे सावलीत वाळवले, दिव्याच्या तिरप्या उजेडात त्यांचे फोटो काढले आणि त्यांचे माझे स्वतःचे ठसे बनवले. आईने पडवीत त्या वाळत घातलेल्या गोळ्यांची रांग पाहून काही दिवस नाक मुरडलं, कारण त्यांना समुद्राचा वास येत होता.

पण खरा बदल ठशांनी केला नाही. तो क्रमाने केला. मी स्क्रीनवर आधी नुसता कड्यावरून तुटलेला धोंडा घडवला, मोठ्या सपाट बाजूंचा, धारदार, आणि त्याच्यावर बारीक काही करायचा मोह आवरला. मग ठरवलं की समुद्र पश्चिमेला आहे, आणि फक्त त्याच बाजूने त्याला खायला सुरुवात केली. कडा गोल केल्या, मऊ भाग खोल नेला, टणक भाग उभा ठेवला. ते झाल्यावरच मिठाची भोकं, तीही त्यांच्या पट्ट्यात. शेवटी ओल, आणि ओलीवर जीव. एखादी गोष्ट आधी घडली असेल तर तिच्यानंतरच्या गोष्टीने ती थोडी पुसलेली असली पाहिजे, एवढा एकच नियम. पुसायलाच मला जास्त वेळ लागला. रोज सकाळी मी आदल्या दिवशीच्या कामातला काही भाग धैर्याने घासून टाकायचे, आणि रोज खडक थोडा म्हातारा व्हायचा.

मला माझ्या हातांचा असा भरवसा त्याआधी कधी वाटला नव्हता.

एका दुपारी बाबा दुकानातून जेवायला आले आणि पाणी प्यायला माझ्या खोलीच्या दारावरून गेले. स्क्रीनवर खडक आपोआप गोल फिरत होता; काम तपासताना मी तसा फिरवत ठेवते. बाबा दारात थांबले. मी मागे वळले तेव्हा त्यांच्या हातातला तांब्या तसाच होता.

"हा बगळा," ते म्हणाले.

मी हो म्हणाले. ते आणखी एक फेरी होईपर्यंत बघत राहिले आणि निघून गेले. जेवले नाहीत. आई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सांगितलं की मी हे काढून टाकणार नाही. ते उद्धटपणे म्हटलं नव्हतं. मला खरोखर वाटत होतं की हा खडक घरात आला आहे तर आता राहू दे.

दोन-तीन दिवस बाबा माझ्या खोलीकडे फिरकले नाहीत. मग एकदा दुकान लवकर बंद करून आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पलीकडून दाखव. समुद्राकडून."

मी खडक फिरवला. त्यांनी सांगितलं तसा आणखी थोडा उत्तरेला. मग म्हणाले पाणी चढव. मी पाण्याचा एक निळा पापुद्रा घातला आणि ते सांगतील तसा वर नेत गेले, खडकाचा माथा जेमतेम हातभर राहीपर्यंत. तिथे त्यांनी मला थांबवलं. होडी ज्या बाजूने आली त्या बाजूने आम्ही दोघं तो खडक पाहत होतो. पाण्याखालचा भागही दिसत होता, तिरपा उतरत गेलेला, पायथ्याशी वाळू.

त्यांनी पायथ्यावर बोट ठेवलं आणि इथे वाळू आहे का, असं विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. वाळू असेल तर नांगर धरतो, हे मलाही कळत होतं.

मी खरं ते सांगितलं. "बाबा, ती बाजू मी पाहिलेली नाही. तिथलं सगळं अंदाजाने केलंय."

बाबांनी बोट स्क्रीनवरून उचललं. मग त्यांच्यातला तांडेल जागा झाल्यासारखं, थोडं चिडूनच म्हणाले, "अंदाजाने कशाला? अवसेच्या सुकतीला पुरा उघडा पडतो."

अमावास्या दिवाळीची होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाणी पुरतं उतरत आलं तेव्हा आई दाराशी रांगोळी घालत होती. बाबा पायऱ्या उतरले आणि वरच्या वाटेला न वळता खालच्या वाटेला वळले. मी मागे होते. काकीला मी सांगितलं होतं. ती तिच्या दारातून आमच्यात येऊन मिळाली. वाळू लागली तिथे बाबांनी चपला काढल्या. बाकी काही नाही. एखादा माणूस देवळात शिरताना काढतो तशा, सवयीने.

पाणी खूप आत गेलं होतं. बगळ्याच्या समुद्राकडच्या बाजूलाही आम्हाला घोट्याएवढ्या पाण्यातून जाता आलं. ऊन त्या बाजूवर सपाट पडलं होतं आणि सगळा खडक तांबडा, ओला, चकाकत होता. ती बाजू मी अंदाजाने केली होती त्याहून फार वेगळी होती. खाली एक खोल बगल होती, लाटांनी कोरलेली, आणि तिच्यात शिरलं की आवाज बदलत होता. माझ्या हातात मोबाइल होता, पण मी फोटो काढले नाहीत. बाबा खडकाला हात लावून काहीतरी शोधत होते. डावीकडून उजवीकडे, वर, खाली, कालवांच्या थरांवरून, बोटं कापतील अशा धारांवरून.

काकी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "निळा रंग शोधताय ना, भावोजी?"

होडीचा रंग निळा होता. बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

काकीने सांगितलं की तिने तो पाहिला होता. पहिल्या वर्षी प्रत्येक मोठ्या सुकतीला ती इथे यायची ती त्या रंगासाठी. इथे, या बगलेच्या वर, हातभर लांब निळा पट्टा होता. वाडीतल्यांना वाटावं कालवांना जाते, म्हणून ती पाटी घेऊन यायची आणि रिकामी घेऊन जायची. पुढच्या पावसाळ्यानंतर पट्टा निम्मा राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी नखाएवढा. मग एकदा आली तर नव्हताच. तिथे कालवं धरली होती. "तेव्हा रडले," ती म्हणाली, "आणि मग म्हटलं आलेच आहे तर काढू. तेव्हापासून काढते."

बाबांनी त्या जागेवर तळवा ठेवला आणि ठेवूनच म्हणाले, "नांगर टाकायला हवा होता, सुनंदा."

"खाली बघा," काकी म्हणाली. "पायाखाली काय आहे?"

बाबांनी पाय हलवला. मीही हलवला. घोट्याएवढ्या पाण्याखाली वाळू नव्हती. गुळगुळीत, सलग, सपाट कातळ होता, दूरवर पाण्यात उतरत गेलेला. नांगर त्याच्यावरून घसरत गेला असता, दुसरं काही नाही. हे बाबांना कधीकाळी माहीत असणारच. याच पाण्यात त्यांची हयात गेली होती. पण माणूस स्वतःला दोष द्यायला बसला की पायाखालचं विसरतो.

"ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं तुम्हाला," काकी म्हणाली. "ते नाहीत, म्हणून मी सांगते."

बाबा तिथेच, ओल्या कातळावर, खाली बसले. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. पाणी परत फिरायला लागलं तेव्हा काकीने त्यांना हात दिला आणि त्यांनी तो घेतला. वाडीत पणत्या लागल्या होत्या. वर चढताना बाबा काकीच्या बरोबरीने चालत होते, नजर खाली न घालता.

दुसऱ्या ओहोटीला मी एकटी जाऊन त्या बाजूचे फोटो काढले, शाडूचे ठसे घेतले, आणि माझा अंदाज पुसून ती बाजू नव्याने घडवली. बगल खोल केली. पायथ्याची वाळू काढून तिथे कातळ घातला. खेळणाऱ्याला तो भाग कधी दिसणार नव्हता, परेशनेही तसं मला सांगितलं. मी म्हटलं असू दे. त्याने तो खडक बराच वेळ फिरवून पाहिला, आणि मग बाकीचा सगळा किनारा याच हाताने हवा असं म्हणाला. पुण्याला परत यायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

आता तो खेळ लोक खेळतात. बगळ्याच्या आडून पळतात, त्याच्यावर चढून गोळ्या झाडतात, क्षणभरही थांबत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. दगडाचं काम आहे तिथे असणं. पुढे मी हिमालयातले कडे केले, वाळवंटातले खडक केले, मी कधी न पाहिलेले. पण क्रम तोच ठेवला: आधी काय तुटलं, मग कोणी झिजवलं, मग कोण येऊन राहिलं. तो मला कुठेही नेऊन पोचवतो.

बाबा त्या दिवाळीनंतर लगेच बदलले असं नाही. दुकान सुरूच राहिलं. पण दुपारी ते जेवून खालच्या वाटेने चक्कर मारायला लागले. मग कोणाचं जाळं विणून दे, कोणाचं इंजिन बघ, असं सुरू झालं. वाडीतल्या लोकांनी त्यांना काही विचारलं नाही. जाळं पुढे केलं की झालं.

यंदा शेजारच्या दत्ताच्या होडीवरचा तांडेल मुंबईला नोकरीला गेला. समुद्र निवळला तेव्हा दत्ता आमच्याकडे आला आणि बाबांना म्हणाला, माणूस मिळेपर्यंत याल का. बाबांनी त्याला थांबायला सांगितलं. ते उठून मागच्या दाराने काकीकडे गेले. ती अंगणात भात वाळत घालत होती. मी मागीलदारी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी तिला विचारलं, जाऊ का. काकीने भातातून फिरणारे पाय न थांबवता सांगितलं, जावा, पण लवकर या, मासे ताजे पाहिजेत.

काल ते पहिल्यांदा गेले. सकाळी उन्हं वर आल्यावर मी आणि काकी किनाऱ्यावर गेलो होतो, कालवांचं निमित्त काढून. दोघींपैकी एकीनेही कोयती बाहेर काढली नाही. दत्ताची होडी लांबून दिसली तेव्हा काकी उभी राहिली. भरती येत होती आणि बगळा जवळजवळ बुडालेला. होडी त्याच्यापासून लांब, मोठा वळसा घेऊन, आरामात आत आली. सुकाणूवर बसलेले बाबा इतके सरळ बसले होते की मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

उतरल्यावर त्यांनी पिशवी काकीच्या हातात दिली. तिने ती उघडून आत पाहिलं.

"बांगडेच?" ती म्हणाली.

"उद्या सरंगा बघतो," बाबा म्हणाले.